त्या सिनेमात सून नव्हती

मंदा,

काल तुझ्या घरी जाऊन आले. बैठकीच्या भिंतीवरची पांढरी चादर कोणीतरी उतरवून तुझ्या फोटोखाली अंथरली आहे. रविवारी दुपारी आपण जिच्यावर सिनेमे बघायचो तीच ती. कोपऱ्यातला हळदीचा डाग मी ओळखला. "अगं, धुऊन तरी घ्यायची," असं म्हणून तू सगळ्यांना कामाला लावलं असतंस.

लोक येत होते, बसत होते, "लई चांगली बाई होती" म्हणून उठत होते. तू चांगली होतीस हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण गेलेल्या माणसाला चांगलं म्हणून मोकळं व्हायची ही जी घाई असते ना, तिचा मला संशय येतो. तुलाही आला असता. आणि खरं सांगायचं तर मला तुझाही संशय होता, मंदा. शेवटपर्यंत होता. तुझ्या ताटात जेवले, तुझ्या मुलाच्या लग्नात पुढं होऊन नाचले, आणि तरी होता. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुझं ते सिनेमाचं खूळ कशानं सुरू झालं, आठवतं? आपण दोघी शाळेतून रिटायर झालो होतो. तुझ्या मुलाचा परदेशातून फोन आला की तिकडच्या एका दुकानात पहारेकरी त्याच्या मागं मागं फिरत होता, रंग बघून. तू रडत माझ्याकडं आलीस. "सुजाता, माझ्या लेकराला चोर समजले गं!" मी तुझा हात धरला, पाणी दिलं. मलाही वाईट वाटलं, त्याला मी शाळेत शिकवलेलं. पण मनात आलं ते आलंच. पाचोडच्या पाटलाच्या घरात जन्मलीस, गावकुसाबाहेरची वस्ती रोज डोळ्यांनी पाहिलीस, आणि माणसाला माणूस न समजणं म्हणजे काय हे कळायला तुझ्या मुलाला विमानात बसून जावं लागलं?

हे मी तेव्हा बोलले नाही. पुढं एकदा भांडणात बोलले. तू चिडली नाहीस. "उशिरा कळलं, व्हय. पण कळूच नाय असं म्हणतीस का?" म्हणालीस आणि मोसंबी सोलत राहिलीस. तुझ्याशी भांडायची चोरीच होती. समोरचा माणूस तावातावानं काही म्हणायला लागला की तू त्याच्या हातावर फोडी ठेवायचीस.

मग मुलानं प्रोजेक्टर पाठवला आणि पडेगावातल्या आपल्या गल्लीतल्या बायका रविवारी तुझ्याकडं जमू लागल्या. काळ्या-गोऱ्यांचे सिनेमे, तेही इंग्रजी. बायकांना कळणार कसे? तू चादरीच्या बाजूला उभी राहून सांगायचीस. त्याला भाषांतर म्हणणं धाडसाचंच. तू अख्खा सिनेमा उचलून पाचोडला आणायचीस. तिकडचा पोलीस तुझ्या तोंडी जमादार व्हायचा, मळ्याचा मालक पाटील व्हायचा, आणि गोऱ्या बाया एकमेकींना "अगं बाई, आता काय म्हणावं?" म्हणायच्या. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली. मागं बसून तुझ्या चुका पकडायचे. हळूहळू ध्यानात आलं की त्या चुका नाहीत. तू मुद्दाम करत होतीस.

आणि तुझा तो नियम. सिनेमा संपला की चहाच्या आधी प्रत्येकीनं सांगायचं, ह्यात मी कोण. पहिल्या रविवारी सगळ्याच जणी तो बिचारा काळा माणूस झाल्या. रेखावहिनी, ज्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई आजही मागच्या दारानं येते, त्यांनीही डोळ्याला पदर लावून सांगितलं, "मला माझंच दुःख दिसलं हो." तू कपाळावर हात मारलास. "समद्या जणी सोसणाऱ्याच व्हय? मग त्याला छळलं कुणी, चादरीनं?" पुढच्या वेळेपासून नायक बंद. तर सगळ्या जणी ती भली गोरी बाई झाल्या, जी शेवटी त्याच्या बाजूनं उभी राहते. मग तीही बंद केलीस. रेखावहिनी वैतागल्या, "मग ऱ्हायलंच कोण?" तू म्हणालीस, "ऱ्हायले त्येच बघायचे हायत."

मला मात्र तू त्या नियमातून सूट दिलीस. "सुजातानं नाय सांगितलं तरी चालंल." बायकांनी माना डोलावल्या. तुला वाटलं असेल तू माझा मान राखलास. मला काय वाटलं सांगू? सगळ्यांना एका रांगेत बसवलंस आणि मला वेगळं. कारण चांगलं असलं तरी वेगळं ते वेगळंच. एवढी वर्षं बरोबर काढल्यावर तुला हे दिसू नये?

सिनेमानं माणूस बदलतो का, ह्यावरून आपण किती वाद घातला. मी म्हणायचे, रडणं फुकट असतं. दूरच्या देशातल्या माणसासाठी तर अगदीच फुकट, तो काही उद्या आपल्या दारात खोली मागायला येत नाही. तू म्हणायचीस, "रडल्यावर माणूस घरी जाऊन आरशात बघतंच की गं." मी म्हणायचे, बघतं, डोळे सुजलेत का ते. तू खळखळून हसायचीस. वाद तिथंच राहायचा.

आता त्या रविवारचं बोलते.

सिनेमात एक काळं जोडपं खोली बघायला जातं. घरमालकीण दारात उभी राहते आणि इंग्रजीत चार शब्दांत सांगते की खोली गेली. एवढंच. दार बंद. तू मात्र तिच्या तोंडी भलतंच घातलंस. गोड आवाज काढून म्हणालीस, "द्यायला काय हरकत नव्हती हो. तुमी मास्तर माणसं, चांगली माणसं. पण पुतण्याचं लगीन ठरलंय. त्याला लागंल खोली."

मंदा, हे वाक्य माझं होतं. माझ्या लग्नानंतर, आपल्या शाळेत रुजू व्हायच्या आधी, मी आणि अशोक खोली शोधत फिरत होतो. स्टेशनच्या बाजूला एक घर होतं, हिरव्या फाटकाचं. धोतरवाले आजोबा ओसरीवर. त्यांनी बसायला सांगितलं, गाव विचारलं, शाळा विचारली, आणि मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ते हेच म्हणाले. तुम्ही मास्तर माणसं, चांगली माणसं, पण पुतण्याचं लग्न. आतल्या दाराला पडदा होता आणि त्याच्या आड बांगड्या वाजल्या होत्या. आम्ही उठलो. ते वाक्य मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच.

सिनेमा संपला. रेखावहिनी त्या मालकिणीची शेजारीण झाल्या, कोणी पोस्टमन झालं. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, "मी त्या घरमालकिणीची सून."

सगळ्या हसल्या. "अवो मंदाताई, त्यात सून कुठं होती?"

"आसंल की आत," तू म्हणालीस. "दिसली नाय म्हंजी नव्हती का?"

मी हसले नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती कायमची. तुझं सासर दौलताबादचं, हे ठाऊक होतं. पण तुझ्या सासऱ्यांनी शहरातही एक जागा घेतली होती आणि पुढं विकली, असं तू कधीतरी बोलली होतीस. कुठं, विचारलं तर "स्टेशनकडं" म्हणून विषय बदलला होतास. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. शाळेत रुजू झाले त्या दिवशी तू आपणहून माझ्या शेजारी येऊन बसलीस. बाकीच्या डबे घेऊन खिडकीकडं सरकल्या होत्या. तू डबा उघडून माझ्यापुढं सरकवलास आणि माझ्या डब्यातली भाजी न विचारता घेतलीस. इतकी वर्षं मी ते तुझं प्रेम समजत होते. आता वाटू लागलं, तू मला ओळखलं तर नव्हतंस? ही तीच, ओसरीवरून उठून गेलेली? मग हा डबा, ही मोसंबी, माझ्या आजारपणात उशाशी बसणं, हे सगळं मैत्रीचं की प्रायश्चित्ताचं? माझ्यावर जीव होता तुझा, की स्वतःच्या मनाची टोचणी घालवत होतीस?

त्या दिवशी बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. "ते वाक्य कुठून आणलंस?"

"सुचलं."

"असं कसं सुचलं?"

तू मोसंबी सोलत होतीस. मान वर केली नाहीस. "नीट इचार की, सुजाता. जे इचारायचंय ते इचार."

मी म्हणाले, "राहू दे." घरी येऊन अशोकला सांगितलं तर तो म्हणाला, "नकोच विचारू. उत्तर व्हय आलं तर काय करशील? जाणं बंद करशील का तिच्याकडं?" जाणं बंद होणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण आणखी एक होतं. संशय मला सोयीचा झाला होता. तू चांगलं वागलीस तरी मी मनात म्हणायचे, का वागते ते माहीत आहे मला. तुझं कौतुक करायचं मग कामच उरलं नाही.

हिबा आली ती त्यानंतर. सुदानची मुलगी, इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली. रेखावहिनींच्या लेकीच्या वर्गातली, म्हणून एका रविवारी तिच्याबरोबर तुझ्याकडं आली. सिनेमा चालू असताना वहिनी हुंदके देत होत्या. दिवा लागला तशा त्या हिबाजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "केस लई येगळे हायत गं. हात लावून बघू का?" पोरगी समजूतदार. हसून डोकं पुढं केलं. मग चहा घेताना तिनं शहरातल्या आपल्या हिंदीत विचारलं, "आंटी, इधर किसी के पास रूम खाली है क्या? जहाँ जाती मैं, बोलते अभी दे दिए."

सगळ्या कपात बघायला लागल्या. वहिनींचे डोळे अजून ओले होते. आणि तू, मंदा, तू माझ्याकडं बघितलंस. माझी वरची खोली रिकामी होती, ते तुला ठाऊक. मला इतका राग आला! माझ्याकडं का? तुझ्या मुलाची खोली रिकामी नव्हती? ही माझी परीक्षा होती का? सोसलेल्या माणसानंच आधी दार उघडावं, असं कुठं लिहिलंय? मी चपला घातल्या आणि आले.

मग तुझं दुखणं. दवाखान्यातून तुझा फोन आला. आवाज बारीक झाला होता, तरी सुरुवात तीच, "जेवलीस का?" मग म्हणालीस, "सुजाता, त्या पोरीला वरची खोली दे ना. मी ठिवली आसती माझ्याकडं, पण मी घरी येते का नाय त्येच ठाव नाय."

मी म्हणाले, "अगं, माझी भाची यायची आहे कॉलेजला. तिला लागेल खोली."

तू खोकत खोकत हसलीस. "अन् पुतण्याचं लगीन?"

मी फोन ठेवला. तो आपला शेवटचा.

माझी भाची खरंच येणार आहे. शपथेवर सांगते. पण ती पुढच्या वर्षी. तोवर खोलीत काय राहणार होतं, तर जुन्या गाद्या आणि बंद पडलेला कूलर. खोटं बोलायला खरं कारण मिळालं की माणूस किती निर्धास्त होतो, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. आणि एक सांगते, दोन्ही गोष्टी सारख्याच असं कोणी म्हणायला येऊ नये. त्या आजोबांच्या पाठीशी अख्खं गाव होतं, त्यांचे बापजादे होते. माझ्या पाठीशी फक्त शेजारणी काय म्हणतील याची भीती होती. पण दारात उभ्या असलेल्या मुलीला ह्या फरकाचा काय उपयोग?

तर काल. लोक पांगले. भाऊजी एकटेच खुर्चीत बसले होते. तुझ्या नवऱ्याला मी कधी फार बोलताना पाहिलं नाही, काल बोलावंसं वाटत होतं त्यांना. मी विचारलं. अखेर विचारलंच. "भाऊजी, स्टेशनकडच्या तुमच्या घराला हिरवं फाटक होतं का?"

"घर?" ते म्हणाले. "तिथं कुठलं घर? गोडाऊन होतं ते, बियाणाचं. बुडालो त्यात, म्हणून मंदा नाव काढू देत नव्हती. तवा ऱ्हायलो आमी दौलताबादलाच."

मी पुढं विचारलं, मग तुमच्याकडं खोली मागायला कोणी आलं होतं का, पुतण्याचं लग्न म्हणून परत पाठवलेलं? भाऊजी माझ्याकडं बघतच राहिले.

"तुमाला सांगितलं व्हय तिनं? मला वाटलं, कुणालाच बोलली नाय. आमचं लगीन नवं होतं. मागं दोन खोल्या होत्या. एक मास्तर आलता, बदली झाल्याला, संगं बायको. वडलांनी आडनाव इचारलं अन् असं म्हणून वाटं लावलं. कसला पुतण्या! चुलत्याला समद्या पोरीच." मग म्हणाले, "मंदानं त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरला होता. दाराआड उभी ऱ्हायली, तांब्या धरून. ते गेले तरी तशीच. लई दिवस माझ्याशी नीट बोलली नाय. मी म्हणलं, वडलांपुढं मी तरी काय बोलणार?"

म्हणजे ते दार माझं नव्हतं. त्या बांगड्या तुझ्या नव्हत्या. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसलीस तेव्हा तुला माझं काहीही माहीत नव्हतं. माझं काहीएक लागत नव्हतीस तू, मंदा, आणि तरी बसलीस. मी तुझ्या अंगणात जाऊन तुळशीपाशी रडले. मोठ्यानं रडले. रेखावहिनी धावत आल्या, त्यांना काय सांगणार?

आणि रडून झाल्यावर लगेच दुसरं मनात आलं. माझा स्वभाव, काय करू. दोन वेगळी घरं, दोन वेगळे म्हातारे, आणि वाक्य एकच, शब्दाला शब्द. किती ओसऱ्यांवर ते बोललं गेलं असेल? किती जणींनी ते आतून ऐकलं असेल? कदाचित तू ते सिनेमात घातलंस ते माझ्यासाठी नव्हतंच. समोर बसलेल्या बायकांपैकी आणखी कोण चपापतं, हे तू बघत असशील. आणि मी तेवढ्या वेळात फक्त तुझ्याकडं बघत होते.

तुझ्या घरून निघताना हिबा फाटकापाशी दिसली. डोक्यावरून ओढणी घेऊन उभी होती, आत यावं का नको, कळत नव्हतं तिला. "आंटी, मंदाआंटी मेरेकू बहुत अच्छा रखती थी," म्हणाली. मी म्हटलं, चल, खोली बघून घे. वाटेत माझ्या तोंडून आपोआप गेलं, "तुझ्याकडं कोण कोण येणार भेटायला?" आणि मी मधेच थांबले. खोली शोधताना हे मला आणि अशोकलाही विचारलेलं. हिबाला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही, सवय झाली असावी. मी म्हटलं, जाऊ दे, ज्यांना यायचं ते येऊ देत. भाचीला फोन करून सांगितलं की खोली तुला एकटीला मिळणार नाही. ती कुरकुरली. कुरकुरू दे.

आता नियमाप्रमाणे माझी पाळी, आणि ह्या वेळी मला सूट नको. ह्या सगळ्यात मी कोण, तर फोन ठेवणारी. सिनेमानं माणूस बदलतो का, हे मला अजूनही ठाऊक नाही. मला सिनेमानं नाही, तुझ्या त्या खोकल्यातल्या हसण्यानं गाठलं. त्याचं श्रेय तुला देऊन टाकते, वाद तूच जिंकलीस म्हण. पण माझं एक राहिलंय. तू ती गोष्ट सिनेमात घातलीस, नवऱ्याशी अबोला धरलास, बायकांना शहाणं करायला निघालीस. पण ते मास्तर आणि त्यांची बायको त्या दिवशी दौलताबादहून पुढं कुठं गेले, हे तू कधी विचारलंस का? भाऊजींना नाव आठवत नाही. तुला आठवत होतं का?

आज हिबा सामान घेऊन आली. वर गाद्या झटकत होती. उन्हातून आलेली, म्हणून मी तांब्याभर पाणी घेऊन जिना चढले. गुडघे दुखतात, सांडू नये म्हणून हळूहळू चढत होते, आणि दर पायरीला तू आठवत होतीस, दाराआड उभी, नव्या बांगड्यांची, भरलेला तांब्या हातात धरून. पाणी तर तू भरलंच होतंस. अंतर ते किती, ओसरीपासून फाटकापर्यंत.

जायचं होतंस गं, मंदा.